एकदाच विचारायचं

"एकच. माझ्यासाठी एकच घ्या," आप्पा म्हणत होते, आणि समोरच्या माणसानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले होते.

मी भोजनालयाच्या दारातच उभी राहिले. खांद्याला पिशवी, अंगावर जतच्या गाडीची धूळ. आप्पांनी मला पाहिलं नव्हतं. वाढताना त्यांना ताटाशिवाय काही दिसत नसे. डाव्या हातात जिलब्यांची परात, उजव्या हातात चिमटा, कमरेत जरासे वाकलेले. हा माणूस जिलबी न घेता उठला तर आज यांच्याच घशाखाली घास उतरणार नाही, असा चेहरा. समोरचा माणूस विजापूरकडचा वाटत होता. दवाखान्यात कुणीतरी असणार त्याचं. मिरजेत बाहेरगावचा माणूस येतो तो बहुतेक दवाखान्यापायीच येतो.

"नको हो, खरंच नको. भूकच नाही."

"अशा वेळी भूक नसतेच. म्हणून तर खायचं. तुम्हीच हातपाय गाळले तर पेशंटनं कुणाकडं बघायचं?"

माणूस कसनुसा हसला. त्याचा एक हात थोडा सैल झाला आणि तेवढ्या फटीतून जिलबी ताटात गेली. तो काही म्हणायच्या आत दुसरीही गेली. शेजारच्या टेबलावर रोजचं गिऱ्हाईक बसलं होतं, ते म्हणालं, "शिवाप्पांपुढं कुणाची डाळ शिजायची नाही, पाव्हणं. गप खावा." आप्पांना ही शाबासकी फार आवडायची. ते मान वर करून हसले आणि तेव्हा मी त्यांना दिसले.

"आलीस व्हय गं मालन? बस, बस. ताट आणतो."

"नको आप्पा. जेवून आलेय."

मी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. पण आमच्या घरात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नसे. हो म्हणणारा हावरट. माझी आई होती तोवर म्हणायची, पहिलं नको तोंडाचं, दुसरं लाजेचं, तिसरं पोटाचं. तिसऱ्या नकोपर्यंत विचारणाऱ्यानं विचारत राहायचं असतं. आप्पांनी ते घरी पाळलं आणि भोजनालयातही पाळलं. "जेवून आलीस तर आलीस, आता माझ्यासंगं बस," म्हणून त्यांनी मला खांबाजवळच्या टेबलावर बसवलं आणि तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर वाढलं. मी आडवा हात मारला.

मी राहायला आले होते. हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. जतला, माझ्या सासरी, अन्नाचा कण वाया जात नसे, कारण उरलेलं संपवायला मी होते. सगळ्यांचं झाल्यावर जे राहील ते माझं. काही राहिलं नाही तर पाणी प्यायचं. नवरा हात उचलायचा, आणि त्यासाठी त्याला दारूसुद्धा लागत नसे. आप्पांनी राहा म्हटलं तर परत जायचं नाही, असं मी गाडीत बसतानाच ठरवलं होतं. पण ते त्यांनी म्हणायला हवं होतं. लग्न झालेल्या लेकीनं बापाच्या दारात येऊन 'मला ठेवून घ्या' म्हणायचं म्हणजे मागून खाण्यासारखंच. ते म्हणतील, राहा चार दिवस. मी म्हणेन, नको. ते पुन्हा म्हणतील. तिसऱ्यांदा म्हणाले की मला रडू फुटेल आणि सगळं बाहेर पडेल. आप्पा तिसऱ्यांदा म्हणतील याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

त्याच दुपारी, जेवणावळ आटोपल्यावर, राजशेखरनं सगळ्या कामगारांना हॉलमध्ये बसवलं. राजशेखर म्हणजे मालकांचा मुलगा. पुण्याला हॉटेलचं शिकून आलेला, मनानं सरळ. मालक थकले होते आणि कारभार नुकताच त्याच्याकडे आला होता. मी कोपऱ्यात लसूण सोलत बसले होते.

"पुढच्या महिन्यापासून महापालिकेची गाडी आपला ओला कचरा नेणार नाही," तो म्हणाला. "हॉटेलवाल्यांनी आपला आपण जिरवायचा. मागच्या आवारात मी गोबरगॅससारखी गॅसची टाकी बांधतोय. भाजीची देठं, सालं, खरकटं सगळं तिच्यात. बाटल्या, पिशव्या, पुठ्ठे वेगळे ठेवायचे, ते भंगारवाला नेईल. पण आपण जेवढं टाकतो तेवढं कुठलीही टाकी पोटात घेणार नाही. तेव्हा आधी टाकणं कमी करायचं. वाट्या लहान आणल्यात. पोळी अर्धी वाढायची. मागतील तेवढ्यांदा वाढू, कुणाला उपाशी ठेवायचं नाही. फक्त एकदाच विचारायचं. नको म्हणाले की पुढच्या ताटाकडं."

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा हसले. "राजू, तू पुण्यात राहिलास. तिथं एकदा तरी विचारतात का रे?"

हॉलमध्ये हशा पिकला. राजशेखरही हसला. मग म्हणाला, "आप्पा, खरंच सांगतोय."

"अरे, नको म्हणणाऱ्याला खायचं असतं. तुझ्या आजोबांनी मला परात हातात दिली तेव्हा हेच सांगितलं. आग्रह नसेल तर आपल्यात आन् खानावळीत फरक काय?"

"आप्पा, जरा मागं येता?"

आप्पांचं हसू थांबलं. ते मागं कधी जात नसत. ज्या हातानं वाढायचं त्या हातानं उष्ट्याला शिवायचं नाही, हा त्यांचा नेम. ताटं उचलणारे वेगळे होते. ताटं एका खिडकीतून पलीकडे मोरीवर जायची आणि आप्पांचा त्या खिडकीशी संबंध नसायचा. उभं आयुष्य त्यांनी या भोजनालयात काढलं, पण मागचं आवार त्यांनी पाहिलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. राजशेखरला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. ते उठले. मीही लसणाची सुपली खाली ठेवून मागोमाग गेले.

मोरीवर हुसेनबी ताटं घासत होती. आप्पांना उंबऱ्यावर पाहून तिनं डोक्यावर पदर ओढला आणि उभीच राहिली. भिंतीला लागून निळी पिंपं होती. राजशेखरनं एकाचं झाकण काढलं.

भात होता, आमटी होती, पोळ्यांचे तुकडे होते. ते कुठल्याही हॉटेलात असतं. पण वरच्या थरात नुसत्या जिलब्या होत्या. दातही न लागलेल्या, अख्ख्या, आमटीत भिजून फुगलेल्या. आप्पा पुढं झाले आणि वाकून बघू लागले.

"ह्या आजच्या?"

"आजच्याच, आप्पा," हुसेनबी म्हणाली.

"एवढ्या? आन् ताटात तर दिसत न्हाईत कधी. मी फिरत असतो की. ताटं रिकामी असतात."

हुसेनबी राजशेखरकडे बघू लागली. मग तिनंच सांगितलं, "वाटीखाली ठेवतात. वाटी पालथी घालतात आन् खाली जिलबी. तुम्हाला दिसू नये म्हणून. कुणी पोळीत गुंडाळतं. मी वाटी उचलली की सापडती."

"रोज?"

"रोज."

"मग इतक्या वर्षांत कधी बोलली न्हाईस?"

"काय बोलू? तुम्ही एवढ्या मायेनं वाढता. लोक तुमचं मन राखतात, मी कशाला मोडू?"

आप्पांनी पिंपात हात घातला. उजवा हात. राजशेखर "आप्पा, राहू द्या" म्हणाला तोवर त्यांनी एक जिलबी उचलली होती. ती त्यांच्या बोटांत तुटली. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे लोक माझ्यावर दया करत होते व्हय."

"तसं नाही आप्पा. ही माझी चूक आहे, मी असं दाखवायला नको होतं..."

"न्हाई राजू. बरोबर हाय तुझं. सोन्यासारखं अन्न. मी तुझ्या आजोबांना काय तोंड दाखवू?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आप्पांची कणव आली नाही. राग आला. मी तिकडे शिळ्या तुकड्यावर दिवस काढत होते आणि माझा बाप इकडे परक्यांच्या ताटात जिलब्या लोटत होता. तो राग फार वेळ टिकला नाही. आप्पांनी नळाखाली हात धुतला, पुन्हा धुतला, आणि खोलीवर गेले. भोजनालयाच्या बाजूलाच मालकांनी त्यांना दोन खोल्या दिल्या होत्या. संध्याकाळच्या पंगतीला ते वेळेवर आले. चिमटा हातात घेतला. पण ते आप्पा नव्हते.

"जिलबी?"

"नको," गिऱ्हाईक म्हणालं आणि सवयीनं ताटावर हात आडवा धरला. आप्पा पुढं निघून गेले. तो हात तसाच ताटावर राहिला. थोड्या वेळानं त्या माणसानं हात काढला आणि मागं वळून बघितलं. रोजच्यांपैकी एकानं हाक मारली, "शिवाप्पा, रुसलात काय आमच्यावर? मला पाहिजे होती की!" आप्पा परत आले, एक वाढली, आणि म्हणाले, "पाहिजे असली तर पाहिजे म्हणावं. मला आता तेवढंच कळतं." त्या आवाजात कुठं टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

पिंपांतलं खरकटं कमी होत गेलं. ज्याला बरोबर म्हणायचं त्याला बरोबरच म्हटलं पाहिजे. चार-पाच दिवसांत निम्म्यावर आलं. भंगारवाला पुठ्ठे घेऊन गेला, आवारातला वास कमी झाला, हुसेनबीची ताटं लवकर उरकायला लागली. टाकीसाठी खड्डा खणायला माणसं आली. राजशेखर सगळ्यांसमोर म्हणाला, "हे आप्पांमुळं झालं." आप्पांनी मान हलवली.

घरी आम्ही दोघंच जेवायला बसायचो. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "भात घेतेस अजून?"

"नको."

पळी पातेल्यात गेली. पातेल्यावर झाकण बसलं. मी आ वासून बघत राहिले. मग मला हसू आलं. म्हटलं, चला, येईल हळूहळू त्यांच्या लक्षात. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. बापाच्या घरी, बापानं रांधलेल्या भातासमोर, मी अर्धपोटी उठत होते आणि त्याला ते कळत नव्हतं. हो म्हणायला काय झालं होतं, असं कुणीही म्हणेल. पण जीभ ज्या वळणाची झालेली असते त्या वळणानंच जाते.

एकदा मी ताट ठेवायला हात पुढं केला आणि बाही वर सरकली. आप्पांनी दंडावरचा डाग पाहिला.

"काय झालं गं हाताला?"

"तवा लागला."

आधीचे आप्पा म्हणाले असते, दंडाला तवा कसा लागतो? कुणाच्या चुलीवरचा? खोटं बोलतीस व्हय माझ्याशी? मी बाही तशीच वर राहू दिली. त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "हळद लाव." आणि पुढं जेवू लागले.

हुसेनबीला मात्र एका नजरेत कळलं. ताटं विसळता विसळता म्हणाली, "हे तव्याचं न्हाई, बेटा. बापाला सांगितलंस?"

"विचारलं तर सांगेन."

"विचारलं न्हाई?"

"विचारलं. एकदाच."

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "मग तूच तोंड उघड की गं. तुझा बाप आता लई भ्यालाय. आपलं बोलणं लोकांना नको असतं, असं बसलंय त्याच्या मनात."

मी हो म्हणाले. रोज ठरवायचे आणि रोज तोंडाशी आलेलं गिळायचे. त्यांना दुखवायचं नव्हतं, आणि खरं म्हणजे मला हवंही होतं की त्यांनी माझ्यासाठी तरी एकदा ती जुनी परात हातात घ्यावी.

मग जतहून भोजनालयात फोन आला. थोरल्या दिरांचा. घरी पाहुणे येणार आहेत, हिला उद्याच्या उद्या पाठवा. आप्पा निरोप घेऊन आले आणि खाटेच्या कडेवर बसले.

"जायचंय का तुला?"

"जायला पाहिजेच ना."

तो 'ना' मी मुद्दाम लांबवला. त्याला धरून कुणीही वर आलं असतं. आप्पा खाली बघत होते. म्हणाले, "दुपारची गाडी हाय. गर्दी नसते."

स्टँडवर ते मला सोडायला आले. पंगत सोडून ते कधी कुठं जात नसत, त्या दिवशी आले. पिशवी त्यांनी स्वतः धरली होती. गाडी लागली होती, मी चढले, खिडकीशी बसले. ते खाली उभे राहून खिडकीच्या गजाला धरून राहिले. कंडक्टर पलीकडे कुणाशी तरी बोलत होता.

"मालन," आप्पा म्हणाले, "राहतेस का गं?"

चार दिवस म्हणाले नाहीत. नुसतं, राहतेस का.

"नको आप्पा. जाते."

म्हणाले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते मला बघत होते. आता म्हणतील. अगं, कशाला जातेस, उतर खाली, बघू त्यांना काय करायचं ते. आता. त्यांनी तोंड उघडलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, ते मला स्पष्ट दिसत होतं. गजावरची बोटं पांढरी पडली होती.

"बरं," ते म्हणाले. "तुझ्या मनाविरुद्ध नको."

गाडी सुरू झाली. ते थोडं अंतर गजाला धरून चालत आले. मग त्यांनी हात काढला.

मी परत गेले. पुढच्या दिवाळीत नवऱ्यानं मारलं त्यात माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. आप्पांना मी ते कळवलं नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आप्पा गेले, झोपेतच. दिवसकार्याला मी मिरजेला आले ती मग जतला गेले नाही. राहा म्हणायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीच ठरवलं. राजशेखरनं स्वयंपाकघरात काम दिलं. त्याला लोक अजून टाकी बघायला बोलावतात, आमच्या मिरजेतली हॉटेलं त्याचं बघून शिकली. चांगला माणूस आहे तो. त्याच्यावर माझा राग नाही, आणि आप्पांवर तर नाहीच.

पण मला सांगायचंय ते त्या दिवसकार्याच्या दुपारचं. भोजनालय बंद होतं. मी मागच्या आवारात गेले. टाकीच्या गॅसवर हुसेनबीनं चहा ठेवला होता. मी तिच्या डाव्या हाताला बसले, म्हणजे चांगल्या कानानं ऐकू येईल.

"तुला सोडून आले त्या दिवशी ते इथंच येऊन बसले," ती म्हणाली. "तुझ्या जागेवर. मला म्हणाले, हुसेनबी, पोरीला राहायचं होतं बहुतेक. चेहरा तसा होता तिचा. तीनदा विचारावं असं जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, माझ्या आग्रहापायी राहील. वर हसेल आन् आत झाकून ठेवील. एवढी वर्षं लोकांनी तेच केलं, लेकीनं तरी करू नये. म्हणून एकदाच विचारलं. बरोबर केलं ना मी?"

"तू काय म्हणालीस?"

"मी हो म्हणाले. रडत होते गं ते. दुसरं काय म्हणणार?" तिनं चहा गाळून कप माझ्यापुढं ठेवला. "नंतर रोज विचारायचे तेच. बरोबर केलं ना, बरोबर केलं ना. मी रोज हो म्हणायचे. आता तू सांग. तुला राहायचं होतं का त्या दिवशी?"

"नाही," मी म्हणाले.

हुसेनबीनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हनुवटीला धरून तिनं माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

"खरं सांग, बेटा. राहायचं होतं?"

"हो," मी म्हणाले. "हो. राहायचं होतं."